अंदमान कमी खर्चात: सरकारी फेरीने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, ११ जणांचा गट

दीपगृह (धागाकर्ती)

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही पुण्याहून ११ जण अंदमानला जाऊन आलो. गटात सर्वांत लहान १२ वर्षांची मुलगी होती, सर्वांत ज्येष्ठ काका ७१ वर्षांचे होते आणि मधले बहुतेक जण खर्च करताना पुढच्या महिन्याचा विचार करणारे होते. सहल कंपनीने सांगितलेला दर आम्हांला झेपणारा नव्हता, म्हणून विमानाच्या तिकिटांपासून खोल्यांपर्यंत सगळे आम्हीच जुळवले. परत आल्यापासून बऱ्याच जणांनी विचारणा केली आहे, तेव्हा सगळे एकाच ठिकाणी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, अंदमानात कमी खर्चाची सहल बोटीच्या वेळापत्रकाभोवती आखावी लागते. आम्ही सुरुवातीला उलटे केले होते. खोल्या आधी ठरवल्या, त्यांचे आगाऊ पैसे भरले आणि मग बोट शोधायला बसलो. ज्या दिवशी आम्हांला स्वराज द्वीपला पोहोचायचे होते, त्या दिवशीच्या एकाच सरकारी फेरीत (प्रवासी बोटीत) ११ जागा मिळाल्या नाहीत, सकाळच्या फेरीत ८ मिळाल्या आणि दुपारच्या फेरीत ३. खोल्यांचे पैसे परत मिळणार नव्हते, त्यामुळे गट फोडूनच जावे लागले. पुन्हा जाण्याची वेळ आली तर मी आधी बोटी बघेन, मग खोल्या, आणि काय काय पाहायचे ते सर्वांत शेवटी.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे मुळात नेताजींनी १९४३ मध्ये अंदमान-निकोबारला दिलेली होती. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. कागदोपत्री नवी नावे दिसतात, रिक्षावाले आणि खानावळवाले अजून जुनीच नावे घेतात, त्यामुळे दोन्ही माहीत असलेली बरी. या धाग्यात मीही बोलण्यातली जुनी नावे वापरणार आहे.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक साधारण ४० किलोमीटरवर आहे. तिथे जायला दोन मार्ग आहेत. खासगी बोटी बहुधा वातानुकूलित आणि बंद असतात, त्या दीड-दोन तासांत पोहोचवतात आणि त्यांचे एका टप्प्याचे तिकीट १,२०० ते २,००० रुपयांच्या घरात जाते. सरकारी नौवहन खात्याची फेरी दोन ते अडीच तास घेते आणि तिचे भाडे खासगीच्या निम्म्याहूनही कमी पडते. आमच्या सहलीत असे तीन टप्पे होते: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर. तीन टप्पे गुणिले ११ माणसे असा हिशेब मांडला की फरक किती मोठा आहे ते कळते. आमचे नीलमधले सगळे राहणे-खाणे त्या वाचलेल्या पैशांत झाले.

सरकारी फेरीचे तिकीट फार आधी मिळत नाही. आरक्षण प्रवासाच्या काही दिवस आधीच उघडते आणि काही जागा बेटांवरच्या रहिवाशांसाठी राखलेल्या असतात. ऑनलाइन आरक्षणाची सोय आहे, फिनिक्स बे धक्क्याजवळ तिकीट खिडकीही आहे. आमच्यातले दोघे पहाटेच रांगेत जाऊन उभे राहिले. प्रत्येकाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. ओळखपत्रावर जसे नाव आहे तसेच तिकिटावर हवे. आमच्या एका वहिनींचे आधारवर माहेरचे नाव होते आणि आम्ही सवयीने सासरचे लिहून दिले, तेव्हा धक्क्यावर शिरताना त्यांना बाजूला थांबवले. शेवटी सोडले, परंतु ती दहा मिनिटे आम्हां सर्वांना जड गेली.

तिकिटावरचे धक्क्याचे नावही नीट वाचावे. फिनिक्स बे आणि हॅडो हे दोन वेगवेगळे धक्के आहेत आणि सकाळच्या घाईत चुकीच्या धक्क्यावर उतरलेली दोन कुटुंबे आम्ही पाहिली.

फेरीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळ्या सहलीत मला सर्वांत जास्त आठवतो तो पहिला प्रवास. खाली बसायच्या जागा आहेत, परंतु बोट खाडीबाहेर पडल्यावर बहुतेक सगळे वरच्या डेकवर आले. माझ्याशेजारी अंड्यांचे ट्रे सुतळीने एकावर एक बांधलेले होते, त्यांच्यावर एका आजींनी आपला हात सबंध प्रवासभर ठेवला होता. पलीकडे मोटारसायकलचे टायर, कांद्याची पोती आणि पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयातून परत निघालेले एक गृहस्थ, ज्यांच्या मांडीवर क्ष-किरणाचे मोठे पाकीट होते. तासाभराने पाण्यातून चांदीच्या पट्ट्या उसळाव्यात तसे उडणारे मासे निघाले आणि बरेच अंतर पाण्यालगत तरंगत जाऊन पुन्हा आत गेले. आमची १२ वर्षांची भाची कठड्याला धरून ते मोजत होती. बंद काचेच्या बोटीत हे दिसले नसते.

हॅवलॉकला आम्ही तीन रात्री राहिलो. धक्क्यापासून राधानगरचा किनारा १२ किलोमीटरवर आहे. ११ जणांना दोन गाड्या करण्याऐवजी आम्ही सरकारी बसने गेलो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकालाच विचारून घ्यावी. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त तिथे पाहावा. काळापत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तो सकाळचा. मात्र एक गोष्ट विसरू नये. पुण्यापेक्षा अंदमान सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास संधिप्रकाश होतो आणि मग झपाट्याने काळोख पडतो. जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन चारला निघू असे म्हणणाऱ्या गटाचा राधानगरचा सूर्यास्त हमखास चुकतो.

नीलला एक रात्र राहिलो. ते बेट लहान आहे, सायकलींवर होते. शेवटची रात्र मुद्दाम पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवली.

प्रश्न विचारावेत. जे माहीत आहे ते सांगेन.

---

मावळवारा

ताई, फार उपयोगी लिहिले आहे. आम्ही सहा जण डिसेंबरमध्ये जाण्याच्या विचारात आहोत. सोबत आई आहे, वय ७४. तिला घाटात गाडी लागते आणि पूर्वी भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना बोटही लागली होती. सरकारी फेरी तिला झेपेल का, की पैसे गेले तरी खासगी बोट करावी?

---

दीपगृह

बोट लागण्याच्या बाबतीत महाग बोट म्हणजे त्रास कमी, असे मला आढळले नाही. आमच्यातल्या दोघींना येताना एका टप्प्याला खासगी बोटीने यावे लागले, आणि जी सरकारी फेरीत अगदी ठणठणीत होती तीच या बंद बोटीत हैराण झाली. बंद जागा, थंड हवा आणि डोळ्यांपुढे क्षितिज नाही, याने पोट जास्त ढवळते. आईंना बोटीच्या मध्यभागी आणि शक्य तितके खालच्या बाजूला बसवावे, कारण टोकाला आणि वरती हेलकावा जास्त जाणवतो. बसल्या जागेवरून बाहेरचे क्षितिज दिसत असेल तर उत्तम. आदल्या रात्री हलके जेवण, सकाळी रिकाम्या पोटी निघायचे नाही, तोंडात आलेपाकाची वडी, आणि गोळी द्यायची असेल तर ती बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. कोणती गोळी ते आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असतील तर.

चढण्या-उतरण्याची काळजी मात्र खरी आहे. धक्क्यावरून बोटीत जाण्यासाठी लाकडी किंवा लोखंडी फळी असते, ती भरती-ओहोटीप्रमाणे कधी सपाट तर कधी तिरकी असते. आमच्या काकांना खलाशांनी दोन्ही बाजूंनी हात दिला. सामान मात्र स्वतःच उचलावे लागते, म्हणून मोठ्या चाकांच्या बॅगांपेक्षा खांद्यावरच्या सॅक घ्याव्यात.

---

गलबत

धागा चांगला आहे, परंतु एका बाजूकडे लक्ष वेधावेसे वाटते. नोकरीनिमित्त मी काही वर्षे पोर्ट ब्लेअरमध्ये राहिलो आहे. आपल्यासाठी ही फेरी म्हणजे पैसे वाचवण्याचा मार्ग आहे, बेटांवरच्या माणसांसाठी तोच एकमेव रस्ता आहे. दीपगृहताईंनी लिहिलेले क्ष-किरणाचे पाकीट वाचून मला तेच आठवले. हॅवलॉकच्या माणसाला मोठ्या रुग्णालयात यायचे, मुलाला महाविद्यालयात घालायचे, दुकानात माल भरायचा, तर फेरीच लागते. डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीत पर्यटकांचे मोठे गट एकगठ्ठा तिकिटे घेतात तेव्हा त्यांची अडचण होते. रहिवाशांसाठी जागा राखलेल्या असतात हे खरे, परंतु अचानक निघावे लागणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते.

माझे म्हणणे असे की गट मोठा असेल तर गर्दीच्या दिवसांत तीनपैकी एक टप्पा तरी खासगी बोटीने करावा, आणि सरकारी फेरीत बसल्यावर बाकांवर सामान ठेवून जागा अडवू नयेत.

दुसरा मुद्दा मावळवारा यांच्यासाठी. तुम्ही डिसेंबर म्हणत आहात. ईशान्य मोसमी वाऱ्यांचे आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस तेव्हा पूर्ण संपलेले नसतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच एका कमी दाबाच्या पट्ट्यामुळे फेऱ्या बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील मिळून हजाराहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाने आपली जहाजे पाठवली. समुद्र खवळला की सरकारी आणि खासगी दोन्ही बोटी बंद होतात, तिथे पैशाचा उपयोग होत नाही. ताईंनी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवली हे एका वाक्यात लिहिले आहे. मी असतो तर ते सर्वांत वर लिहिले असते. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोट धरण्याचा बेत कोणीही करू नये, मग आकाश कितीही निरभ्र असो.

---

दीपगृह

गलबत, आपले दोन्ही मुद्दे मला पटले. पहिल्या मुद्द्याबद्दल तर मला स्वतःला थोडे अपराधी वाटले, कारण त्या पहाटेच्या रांगेत आमच्या ११ तिकिटांनंतर मागे उभ्या असलेल्या एका बाईंना दुपारच्या फेरीत जा असे सांगितले गेले होते. तेव्हा मला आपली तिकिटे मिळाल्याचा आनंद होता. गट १० पेक्षा मोठा करू नये असे मी यापुढे सुचवेन, आणि मोठा असेलच तर दोन फेऱ्यांत विभागून जावे. आमच्यावर ती वेळ आली तेव्हा तिघांच्या गटात एक अनुभवी माणूस, त्या तिघांचे वेगळे तिकीट आणि वेगळी रोकड असे करून दिले. काही बिघडले नाही.

शेवटच्या रात्रीबद्दल आणखी स्पष्ट लिहिते. फेरीत वाचलेल्या पैशांतून आधी हा एक जादा दिवस विकत घ्यावा आणि मगच बाकीच्या हौसेचा विचार करावा. आमची नीलहून परतीची फेरी तीन तास उशिरा सुटली. त्या दिवशी विमान असते तर ११ तिकिटे बुडाली असती.

---

शेवंती

मला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. पोहता येत नाही. हॅवलॉकला करावे की नीलला? आणि कोणत्या दिवशी?

---

निळेपाणी

शेवंती, मी प्रमाणपत्र घेऊन डायव्हिंग करतो, म्हणून उत्तर देतो. पहिल्यांदा करणाऱ्यांना पोहता येणे आवश्यक नसते, कारण सबंध वेळ एक प्रशिक्षक तुम्हांला धरून असतो आणि १२ मीटरच्या पुढे नेत नाहीत, बहुधा त्याहून बरेच कमी. दम्याचा त्रास, कानाचे दुखणे, सायनस, हृदयविकार यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरे लिहावे. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कानावरचा दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

दिवसाबद्दल विचारलेत ते फार योग्य केलेत. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचे नसते. श्वासातून शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एकच डुबकी असेल तर किमान १२ तास आणि जास्त असतील तर किमान १८ तास थांबावे असा दंडक आहे. मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवतो. ज्या सहलींत डायव्हिंग शेवटच्या सकाळी आणि विमान त्याच दुपारी असे दाखवलेले असते, त्यांना नकार द्यावा. हॅवलॉकला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डायव्हिंग ठेवावे. समुद्र खराब असला तर तिसरा दिवस हातात राहतो.

कमी खर्चात प्रवाळ पाहायचे असेल तर स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) लावून नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर किंवा हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर उथळ पाण्यातही पुष्कळ दिसते. एलिफंट बीचला डुंगीने म्हणजे लहान बोटीने जातात, जंगलातून चालतही जाता येते. मात्र पाय प्रवाळावर टेकवू नयेत. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, दगड नव्हे, आणि त्याची वाढ फार सावकाश होते.

---

दीपगृह

याला एक पुस्ती जोडते. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. लहान मुलांना हे आधीच समजावून सांगावे, कारण किनाऱ्यावर पांढरे नक्षीदार तुकडे सर्वत्र पडलेले असतात आणि खिसे कधी भरले ते त्यांनाही कळत नाही.

आणि मगरींच्या सूचना गांभीर्याने घ्याव्यात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. राधानगरला पोहण्यासाठी आखून दिलेला भाग आहे, जीवरक्षक असतात. त्याच्या बाहेर, विशेषतः खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांजवळ, पाण्यात जाऊ नये.

---

पाऊणतिथी

मी रत्नागिरीचा आहे. नीलला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे आणि ती ओहोटीलाच नीट पाहता येते असे वाचले. आमच्याकडे तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ निघते. तोच हिशेब तिथे चालेल का?

---

गलबत

तास चालणार नाहीत. तो आडाखा कोकण किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे दुपारी बाराच्या आसपास भरती येते, म्हणून तो जमतो. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते, त्यामुळे अंदमानासाठी पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे किंवा जिथे उतराल तिथल्या माणसाला विचारावे, त्याला ते तोंडपाठ असते. परंतु तुमच्या आडाख्यातले बाकीचे ज्ञान तिथेही तंतोतंत लागू पडते: वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते. नीलची कमान पाहण्यासाठी तेच दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी फारसे हटत नाही आणि खडकांतून चालणे त्रासाचे होते.

---

दीपगृह

आम्ही नेमके तसेच फसलो. नीलला सकाळी पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती आणि कमानीपर्यंत जाताना पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत आले. खडक निसरडे आणि धारदार आहेत, चपला घालून जाऊ नये, मागे पट्टा असलेले रबरी बूट घालावेत. काकांना आम्ही अलीकडेच शहाळी विकणाऱ्या बाईंच्या बाकावर बसवले. तिथल्या डबक्यांत मात्र जे पाहिले ते विसरणार नाही. हाताच्या अंतरावर एक काळी समुद्रकाकडी निश्चल पडली होती आणि तिच्याशेजारच्या शिंपल्याचे निळे ओठ आमची सावली पडताच मिटले.

नीलच्या किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर आणि हॅवलॉकची राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या बेटांवर जमिनी देऊन वसवले, ही त्यांच्या गावांची नावे आहेत. म्हणून तिथे घरगुती खानावळीत मोहरीतले मासे आणि भात इतका चांगला मिळतो. कमी खर्चात जेवायचे असेल तर किनाऱ्यावरची उपाहारगृहे सोडून बाजारातल्या खानावळीत जावे. शाकाहारींना वरण, भात, बटाट्याची भाजी आणि वांगे मिळतेच.

---

जमाखर्च

गटाचे पैसे कसे सांभाळलेत ते लिहावे. आमच्या मागच्या सहलीत यावरूनच दोन घरांत अबोला झाला.

---

दीपगृह

आम्ही निघण्यापूर्वी प्रत्येकी सारखी वर्गणी काढली आणि ती एकाच व्यक्तीकडे दिली. बोट, बस, खोल्या आणि दोन वेळचे जेवण सामायिक. स्कूबा, खरेदी, शहाळी आणि जादा मासे ज्याचे त्याने. हा भेद आधी लेखी ठरवला होता. रोज रात्री जेवणानंतर वही सर्वांसमोर वाचून दाखवायची, पाच मिनिटे लागतात. लहान मुलीची वर्गणी निम्मी धरावी की पूर्ण यावर मात्र चर्चा झाली; खाटेचे आणि बोटीचे पूर्ण पैसे लागतात, म्हणून शेवटी तिच्या आईवडिलांनी आपण होऊन पूर्ण दिली.

रोकड जवळ ठेवावी. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून हॅवलॉकलाही इंटरनेट बरेच सुधारले आहे आणि फोनवरून पैसे देता येतात, परंतु पाऊस-वाऱ्यात जोडणी गेली तर दुकानदाराचाही इलाज चालत नाही. नीलला जाण्यापूर्वी दोन दिवस पुरेल एवढी रोकड गटाच्या दोन माणसांकडे विभागून ठेवावी.

---

शेवंती

विमानाऐवजी चेन्नईहून जहाजाने गेले तर आणखी स्वस्त पडेल का?

---

गलबत

तिकीट स्वस्त पडते, सहल स्वस्त पडेलच असे नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजे जातात, परंतु ती रोज नसतात, महिन्यातल्या मोजक्याच फेऱ्या असतात आणि तारखाही थोड्या आधी जाहीर होतात. प्रवास एका बाजूने साधारण तीन दिवसांचा. सर्वांत स्वस्त बंक वर्गात एका मोठ्या दालनात एकावर एक बिछाने असतात. मी एकदा गेलो आहे. तिसऱ्या सकाळी दूरवर किनाऱ्याची गर्द हिरवी रेघ उठताना पाहिली, तो अनुभव फार मोलाचा होता. पण नोकरदार माणसाच्या रजेतले सहा दिवस येण्या-जाण्यातच जातात. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला समुद्राची खरी ओढ आहे, त्याने एका बाजूने जरूर जावे आणि परत विमानाने यावे.

---

निळेपाणी

सेल्युलर जेलबद्दल कोणी लिहिले नाही. आपण मराठी माणसे तिथे जातोच.

---

दीपगृह

गेलो होतो, आणि त्याला अर्धा दिवस द्यावा असे माझे ठाम मत आहे. पोहोचल्याच्या दुपारी दमलेल्या गटाला घेऊन तासाभरात उरकणे योग्य नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी तीन उभ्या आहेत. प्रत्येक पाखेचे तोंड पुढच्या पाखेच्या पाठीकडे आहे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये अशी रचना. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. ते १९११ मध्ये इथे आले आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. वर जायला जिना आहे, तो चढणे काकांना अवघड गेले, परंतु ते थांबत थांबत चढले आणि त्या कोठडीच्या दारात बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. आम्हीही त्यांना हाक मारली नाही.

तुरुंगाच्या वेळा आणि सुटीचा दिवस आधी पाहून घ्यावा आणि तो दिवस बोटीच्या दिवसाशी गाठ पडणार नाही असा निवडावा. शेवटचा मोकळा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवला तर त्याच दिवशी हे नीट होते.

---

मावळवारा

सर्वांचे मनापासून आभार. घरी चर्चा करून आम्ही डिसेंबरऐवजी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरवला आहे. हॅवलॉकला तीन रात्री, नीलला एक आणि परतीपूर्वी पोर्ट ब्लेअरला एक पूर्ण दिवस. जाताना सरकारी फेरी आणि नीलहून परत येताना खासगी बोट, म्हणजे गलबत यांचे म्हणणेही पाळले जाईल. खोल्यांचे पैसे अजून कोणालाही दिलेले नाहीत. पहाटेच्या फेरीसाठी आईला बरोबर काय खायला द्यावे एवढेच विचारायचे राहिले.

---

दीपगृह

दुधातल्या दशम्या आणि कोरडी चटणी. तेलकट काही देऊ नये, आणि चहा बोटीतून उतरल्यावरच द्यावा. डबा स्टीलचा आणि पाण्याची बाटलीही धातूची घ्यावी, कारण बेटांवर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. आईंचे आधार आणि तिकीट यांवरचे नाव एकदा शेजारी ठेवून वाचून घ्या. तिकीट काढण्यासाठी आईंना रांगेत न्यायची गरज नाही, त्यांच्या ओळखपत्राची प्रत तुमच्याकडे असली की पुरे.

---